मधली जागा मोकळी ठेवा

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



विषय ऐकून आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, ‘‘चिनी पद्धतीचं ऑफिस म्हणजे काय रे, दुपारी मंचुरियन मिळतं का?’’ काका, हसू नका. मी पहिलं चिनी ऑफिस केलं ते मंचुरियनसारखंच होतं. नाव तिकडचं, मसाला सगळा आपला.

सुटे भाग आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याचं ते काम. चीनमधले पाहुणे येतात, त्यांना बरं वाटावं, एवढीच त्याची अपेक्षा. मी छताला लाल कंदील टांगले, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन चढवला, पीओपीची वळणदार छपरं चिकटवली. पाहुणे आले. त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, ‘‘इथे पूर्वी हॉटेल होतं का?’’ त्याहून मनाला लागलं ते हिशेबनिसांचं बोलणं. त्या लाल उजेडात दिवसभर आकडे वाचून त्यांचं डोकं दुखायचं. चार महिन्यांत सगळं उतरवलं. निम्मा खर्च मी सोसला आणि मग अभ्यासाला बसलो. खरं म्हणजे तो आधी करायला हवा होता.

बीजिंगच्या जुन्या घराला सिहेयुआन म्हणतात. चार बाजूंना चार इमारती आणि मध्ये चौक. मुख्य घर उत्तरेला, तोंड दक्षिणेकडे, म्हणजे हिवाळ्यात ऊन आत येतं. दरवाजा बहुधा आग्नेय कोपऱ्यात, आणि आत शिरताच समोर आडवी भिंत. रस्त्यावरच्या माणसाला घर दिसत नाही. आपल्या वाड्यात हे काम देवडी करायची. दांडिया बाजारात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना मी काय सांगावं!

दुसरी गोष्ट सांगाड्याची. चिनी इमारतीचा भार लाकडी खांब आणि तुळया पेलतात. भिंत फक्त आडोसा असते. ती पडली तरी छप्पर उभं राहतं. खांबावर ‘दोउगोंग’ म्हणजे एकात एक अडकवलेले लाकडी ठोकळे आणि हात असतात, त्यांवर छपराचा भार येतो. शान्शी प्रांतातल्या फोगुआंग मंदिराचा पूर्वेकडचा मंडप इसवी सन 857 चा. लियांग सिचेंग आणि लिन हुईयिन या वास्तुविद पतिपत्नींनी 1937 साली त्याची मोजमापं घेतली. यिंगश्यानचा लाकडी पॅगोडा 1056 चा, सुमारे 67 मीटर उंच, आणि भूकंप सोसूनही उभा आहे. आजच्या काँक्रीटच्या इमारतीचं तत्त्वही हेच आहे, भार सांगाड्यावर आणि भिंती मोकळ्या. लियांग यांनी हे साम्य तेव्हाच दाखवून दिलं होतं.

तिसरी गोष्ट मापाची. ली जिये यांचा ‘यिंगझाओ फाशी’ हा बांधकामाचा ग्रंथ 1103 साली छापला गेला. त्यात लाकडाच्या मापाच्या आठ प्रती ठरवल्या आहेत. इमारतीच्या आकाराप्रमाणे प्रत निवडायची आणि बाकीची मापं त्यावरून काढायची. चिनी घराची रुंदी दोन खांबांमधल्या अंतराने मोजतात. आपणही ‘पाच खणांचं घर’ म्हणायचो ना? तोच खण! फोगुआंगचा मंडप सात खणांचा आहे.

हे समजल्यावर त्याच व्यापाऱ्याने मोठ्या मनाने दुसरी संधी दिली. या वेळी मी काहीही चिकटवलं नाही. दारासमोर साधा लाकडी पडदा ठेवला, त्यामुळे येणाऱ्याची नजर थेट कामाच्या टेबलांवर जात नाही. मधली जागा रिकामी सोडून टेबलं चहूबाजूंनी लावली. टेबल, कपाट, आडोसा, सगळं साठ सेंटिमीटरच्या पटीत घेतलं, म्हणजे उद्या माणसं वाढली तर सुतार न बोलावता हलवता येईल. रंग सुझोऊच्या बागांमधले घेतले. पांढरी भिंत, करडी फरशी, गडद लाकूड. पिवळी चकचकीत कौलं ही बादशाही वास्तूंची, हिशेबनिसांच्या खोलीला ती कशाला? खिडकीबाहेर शेजाऱ्याचं कडुलिंबाचं झाड होतं. खिडकीला नीट चौकट केली आणि झाड आत आलं. बागांवर लिहिणाऱ्या जी चेंग यांनी सतराव्या शतकात याला ‘उसना घेतलेला देखावा’ म्हटलंय.

एक चूक मात्र याही वेळी झाली. बैठकीच्या खोलीला मी लाकडी जाळी लावली. जाळीतून उजेड येतो, तसा आवाजही जातो. पगारवाढीची चर्चा सगळ्यांनी ऐकली! आता तिथे काच आहे.

हिशेबनीस काका आता डबा मधल्या मोकळ्या जागेत खातात, सगळ्यांबरोबर. पाहुण्यांनी या वेळी हॉटेलचं विचारलं नाही. झाडाकडे पाहत चहा घेतला.

हे सगळं आज सांगण्याचं कारण, आपल्या सभागृहाच्या नूतनीकरणाचा विषय येत्या बैठकीत आहे. तुताऱ्या, पगड्या, किल्ल्याची कमान, अशा सूचना आल्या आहेत. त्यामागचं प्रेम मी जाणतो. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या माणसाला आपलेपण भिंतीवर दिसावंसं वाटतं. मीही दुसऱ्यांच्या संस्कृतीचे कंदीलच टांगले होते. पण आधी विचारू या, आजी-आजोबा उजेडात कुठे बसतील? मुलं कुठे खेळतील? पंगत कुठे बसेल? चौक सोडला तर वाडा आपोआप येईल. मग हवी तर एक पगडी लावू.

गणपती बाप्पा मोरया!