मल्लाचा गुडघा आणि रक्ताची सुई

चाळीसगांव तालुक्यांतील सायगांवचे मल्ल विजय चौधरी यांनीं २०१४, २०१५ व २०१६ अशीं लागोपाठ तीन वर्षें ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब पटकाविला. ज्या मुलुखांत असा मल्ल निपजतो, तेथील मुलांच्या डोळ्यांपुढें आखाडा उभा राहिल्यावांचून कसा राहील? परंतु मानाची गदा खांद्यावर घेणारा एखादाच. गुडघा किंवा खांदा दुखावून घरीं बसणारे पुष्कळ. अशा मुलासाठीं प्रथम हाडवैद्याचा लेप होतो, मग शहरांतील डॉक्टर होतो, आणि शेवटीं कोणीतरी सुचवितो कीं, त्याच्याच रक्ताची सुई द्या, म्हणजे तो महिन्याभरांत मातींत उतरेल. एका सुईस हजारों रुपये पडतात. तेव्हां ही आशा कितपत खरी, हें पाहणें अगत्याचें आहे.

स्नायूला हाडाशीं जोडणारा कंडरा आणि हाडाला हाडाशीं बांधणारा अस्थिबंध यांना रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. म्हणूनच तेथील दुखापत सावकाश भरून येते. जखम झाली असतां रक्तांतील प्लेटलेट नांवाचे सूक्ष्म कण प्रथम तेथें जमतात. रक्तस्राव थांबवितात आणि नव्या पेशींच्या वाढीस चालना देणारीं द्रव्यें सोडतात. याच गुणाचा उपयोग करण्याची ही युक्ति आहे. रुग्णाच्या हातांतून थोडें रक्त काढून तें यंत्रांत वेगानें फिरवितात. तांबड्या पेशी तळाशीं बसतात. प्लेटलेटनीं संपन्न असा पिवळसर द्रव निराळा काढून, बहुधा सोनोग्राफीच्या साहाय्यानें, दुखऱ्या जागीं टोंचतात. पी. आर. पी. म्हणतात तें हेंच. दुखऱ्या जागीं द्रावण टोंचण्याची याहून जुनी पद्धति अमेरिकन शल्यवैद्य जॉर्ज हॅकेट यांनीं १९५० नंतरच्या दशकांत पुढें आणिली. तिला प्रोलोथेरपी म्हणतात.

कल्पना सुंदर आहे. पण कल्पनेची कसोटी अनुभवानेंच लागते. हॉलंडमध्यें कोपराच्या जुनाट दुखण्याच्या १०० रुग्णांवर झालेल्या चाचणींत एका वर्षानंतर या सुईचा गुण स्टेरॉइडच्या सुईहून अधिक दिसला. त्याच देशांत २०१० सालीं टांचेच्या वरच्या कंडरेच्या ५४ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना पी. आर. पी. व निम्म्यांना साधें मिठाचें पाणी टोंचलें. व्यायाम सर्वांनाच दिला. दोन्हीं गटांत सारखीच सुधारणा झाली. २०१४ मध्यें मांडीचा मागील स्नायु दुखावलेल्या ८० खेळाडूंचीही तीच कथा झाली. गुडघ्याच्या संधिवातावर ऑस्ट्रेलियांत २८८ जणांची चाचणी झाली. २०२१ सालीं तिचा जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांतही वर्षभरानंतर मिठाच्या पाण्याहून सरस असें कांहीं आढळलें नाहीं.

यावरून ही सुई थोतांड आहे असें मात्र ठरत नाहीं. कांहीं जुनाट दुखण्यांत ती उपयोगी पडूं शकते; परंतु ती सर्व दुखण्यांवरील रामबाण नव्हे. गुडघ्यांतील अस्थिबंध पूर्ण तुटला असेल, तर सुईनें तो सांधला जात नाहीं. कुस्तीसारख्या खेळांत परतावयाचें असल्यास पुष्कळदां शस्त्रक्रियाच करावी लागते. मूलपेशींच्या सुईची जाहिरात तर अधिकच सावधपणें वाचावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनीं २०१७ सालीं दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें रक्ताच्या कांहीं विकारांखेरीज अन्यत्र मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करतां येत नाहीं.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं पालकांनीं डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावे. दुखावलें आहे तें नेमकें काय, आणि तें फाटलें कीं तुटलें? याच दुखापतीवर या सुईचा गुण चाचणींत दिसला आहे काय? आणि सुईनंतर व्यायामाचा क्रम कोण ठरविणार? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बेतानें वाढविलेला भारच कंडरेच्या तंतूंना पुनः बळकटी देतो, आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. वस्तादानें शागीर्दाला एका दिवसांत मल्ल केल्याचें कोणीं पाहिलें नाहीं. दुखावलेल्या गुडघ्याकडूनही तशी अपेक्षा करूं नये. मुलाचा एक हंगाम बुडाला तरी चालेल. घाईपायीं त्याचा गुडघा जन्माचा अधू होऊं नये.