वाचलेलं सांगितलं पाहिजे

(दोंडाईचा इथं तरुण वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला विषय दिला होता 'वाचनाची सवय'. या विषयावरची भाषणं आपण शाळेपासून ऐकत आलोय. 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पुस्तक हातात धरून फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकं कपाटात जातात. त्यामुळे 'वाचा, वाचा' असं मी सांगणार नाही. इथं बसलेले बहुतेक जण वाचणारेच आहेत. मला त्यापुढचं बोलायचंय. पुस्तक मिटल्यावर आपण त्याचं काय करतो?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक शिस्त असते. मी लिहिलेला कोड दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तो वाचणारा नेमक्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, ही ओळ इथं कशाला? मला त्याचं उत्तर द्यावं लागतं. प्रश्न ओळीबद्दल असतो, माझ्याबद्दल नसतो, म्हणून संध्याकाळी आम्ही एकत्र चहा पिऊ शकतो. पुस्तकांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. ओळ कुणी बघत नाही, सगळे थेट माणसावर जातात. लेखक आपला की परका, हे ठरलं की मत तयार.

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी दोंडाईचात महिन्यातून एका रविवारी बसायला सुरुवात केली. आता दहा-बारा जण येतात. कुणी मिरचीच्या अडतीवर हिशेब लिहितो, कुणी कारखान्यात पाळी करतो, एक जण मोबाईल दुरुस्त करतो, दोघी शिक्षिका होण्याची तयारी करतायत. माझ्यासारखे पुण्या-सुरतेला गेलेले फोनवरून सामील होतात. आमचे नियम तीनच. किती पानं वाचली ते खरं सांगायचं. वीस वाचली असतील तर वीस. 'छान आहे' किंवा 'बकवास आहे' म्हणून थांबायचं नाही. कुठलं पान, ते दाखवायचं. आणि जी भाषा तोंडात बसेल तिच्यात बोलायचं.

तिसरा नियम सर्वात जास्त उपयोगी पडला. आपली भाषेची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. घरात उर्दू-हिंदी, बाजारात अहिराणी, शाळा कुणाची मराठी तर कुणाची उर्दू. उर्दू शाळेतून आलेला मुलगा मराठी पुस्तक वाचतो, पण मराठीत चारचौघांत बोलायला लाजतो. मराठी शाळेतल्याला उर्दू लिपी येत नाही, म्हणून घरातले नाराज. एक बाजू म्हणते, ही तुमची भाषा नाही. दुसरी म्हणते, हीच तुमची भाषा का नाही? आम्ही म्हणालो, मराठी कादंबरीबद्दल अहिराणीत सांग, चालेल. बैठकीत आलेल्याला पहिला प्रश्न असतो, "काय वाची राहिना भाऊ?" तेवढ्यानं अर्धी भीती जाते.

आणि मराठीत आपण पाहुणे नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली सोलापुरात सुरू झालं. मराठीत वाचणारा मुसलमान कमी मुसलमान होत नाही, आणि उर्दू वाचणारा कमी मराठी होत नाही. एवढं मनात पक्कं असलं की पुस्तक मोकळेपणानं उघडता येतं.

वाचलेलं आणि ऐकलेलं एकमेकांना सांगणं ही खानदेशात नवी गोष्ट नाही. अमळनेरला साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं 'छात्रालय' नावाचं दैनिक लिहीत. छापखाना नाही, वर्गणी नाही. मोजक्या मुलांसाठी हस्तलिखित. पुढे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी समोर बसून उतरवून घ्यायचे. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झालं. कोठडीतल्या माणसांची ती बैठकच होती.

बहिणाबाईंचं तर सर्वांना माहीत आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि घरातली मंडळी लिहून ठेवत. 1951 साली त्या गेल्या, सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' आली. कुणी ऐकलं नसतं, कुणी लिहून घेतलं नसतं, तर ते सगळं जात्यावरच राहिलं असतं. बोलणारा जितका महत्त्वाचा, तितकाच ऐकून घेणाराही.

आता अवघड भागाकडे येतो.

हमीद दलवाईंचं नाव घेतलं की आपल्याकडे मतं तयार असतात, दोन्ही बाजूंनी. एक बाजू त्यांना डोक्यावर घेते, दुसरी त्यांचं नाव ऐकायला तयार नसते. मी दोघांनाही विचारतो, त्यांची 'इंधन' वाचलीय का? 1965ची कादंबरी आहे, कोकणातल्या एका गावातली. बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, पण माहितीये." हे 'माहितीये' फोनवर पुढे ढकललेल्या मजकुरातून आलेलं असतं.

आमच्या बैठकीत 'इंधन' निघाली तेव्हा एक जण उठून उभा राहिला. म्हणाला, यात आपली बदनामी आहे, हे वाचायचंच नाही. कुणी त्याला गप्प केलं नाही. नियमाप्रमाणे एवढंच विचारलं, कुठल्या पानावर? तो पुस्तक घरी घेऊन गेला. पुढच्या महिन्यात आला तो पानांच्या कडा दुमडून. अजूनही त्याचं म्हणणं तेच होतं: गाव रंगवताना लेखकानं आपल्या माणसांना फार कडक मापानं मोजलंय. पण आता त्याच्या हातात पाच पानं होती. त्यातल्या दोन पानांवर मला त्याचं पटलं, तीन पानांवर नाही पटलं. आजही आमचं एकमत नाही. तो दर महिन्याला येतो. मला वाटतं, आपल्या समाजाला या गोष्टीची सर्वात जास्त गरज आहे: मत वेगळं असूनही पुढच्या महिन्यात परत येणारा माणूस.

दुसरी गोष्ट मुलींची. रविवारी दुपारी पुस्तकांवर बोलायला घराबाहेर जाते म्हटल्यावर प्रत्येक घर 'हो' म्हणत नाही. आमच्यातली एक मैत्रीण सुरुवातीला फक्त फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. तिनं मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' वाचायला घेतलं. तिच्या अम्मीला मराठी वाचता येत नाही. भाजी निवडताना अम्मीनं विचारलं, काय वाचतेस? हिनं चार पानं घरच्या भाषेत सांगितली. दुसऱ्या दिवसापासून अम्मीच विचारायला लागली, "फिर आगे क्या हुआ?"

पुस्तक संपलं तेव्हा अम्मीचं मत मुलीनं आम्हाला कळवलं. नवरा समाजाचं काम करत फिरला, नोकरी करून घर हिनं चालवलं, तर त्या कामात निम्मं नाव हिचं असायला हवं. आमच्यापैकी पुस्तक वाचलेल्या कुणालाही हे इतकं सरळ सांगता आलं नव्हतं. आता ती मैत्रीण बैठकीला येते. अम्मीनं घरात काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. वाचता न येणारा माणूसही वाचकांच्या बैठकीत बसू शकतो, एवढं मात्र मी त्या दिवशी शिकलो.

शेवटी थोडं व्यवहाराचं. पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असं नाही. महाराष्ट्रात 1967 साली ग्रंथालयांचा कायदा झाला. शासनमान्य वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे आपल्याच पैशातून. आपल्या गावच्या वाचनालयात जा, सभासद व्हा, हवं ते पुस्तक मागा. मागणी आली नाही तर कपाट तेच राहील. नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्याकडे फिरते. मोहल्ल्यात आपणही पत्र्याच्या पेटीत पंचवीस पुस्तकं घालून तेच करू शकतो, निम्मी मराठी, निम्मी उर्दू. लहान भावंडांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, त्याचे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात.

आणि एक वही ठेवा. पुस्तकाचं नाव, थांबायला लावणारं पान, न पटलेलं पान. तीन ओळी पुरे.

या आठवड्यात तुम्ही वाचलेलं एक पान एका माणसाला सांगा. मित्राला, बहिणीला, अम्मीला, गाडीत शेजारी बसलेल्याला. तो म्हणाला, 'मला नाही पटत', तर चिडू नका. 'का नाही पटत?' एवढंच विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.

आता तुम्ही सांगा, सध्या काय वाचताय?