अबोल राक्षस

१९३१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘फ्रँकेनस्टाइन’ हा चित्रपट झळकला. सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचं नाव नव्हतं, होतं नुसतं प्रश्नचिन्ह. तो नट होता बोरिस कार्लोफ. त्याच्या आजीची बहीण, सयामच्या राजवाड्यात शिकवणारी अ‍ॅना लिओनोवेन्स, जन्मली होती आपल्या अहमदनगरला!

चित्रपटाचा आधार असलेली मेरी शेलीची कादंबरी १८१८ची. तिच्यातला राक्षस पुस्तकं वाचतो, वाद घालतो. दिग्दर्शक जेम्स व्हेलच्या चित्रपटात मात्र कार्लोफच्या वाट्याला एकही शब्द नाही, फक्त घशातली गुरगुर. रंगभूषाकार जॅक पिअर्स जवळपास चार तास खपून त्याचा चेहरा घडवत असे: सपाट माथा, मानेला विजेची टोकं, मेणानं जड केलेल्या पापण्या. एवढ्या ओझ्याखालूनही तो नट दिसत राहतो. प्रयोगशाळेचं छत उघडतं, वरून उजेड येतो आणि तो दोन्ही हात उंचावून त्याला धरू पाहतो. त्या क्षणी भीती कुठच्या कुठे पळते, उरते ती निव्वळ कणव.

पण सर्वांत जिव्हारी लागतो तळ्याकाठचा प्रसंग. छोटी मारिया त्याला फुलं देते. दोघं ती पाण्यात सोडतात, फुलं तरंगतात. फुलं संपल्यावर तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो, तीही तरंगेल म्हणून. सेन्सॉरनं हे कापलं. परिणाम उलटाच झाला: पुढे सरसावलेले हात पाहून प्रेक्षकांनी त्याहून भयंकर कल्पना केल्या. कापलेला तुकडा चित्रपटात परत जोडला गेला तो थेट १९८०च्या दशकात.