निरगाठ आणि तीन बहुपदी



सरदार विठ्ठल शिवदेवांच्या या विंचूर गावात, लासलगाव बाजार समितीच्या उपबाजाराच्या गावात, गणित परिषदेची स्वागत समिती देशभरातून आलेल्या गणितींचे मनापासून स्वागत करते.

कांद्याच्या गोणीचे तोंड बांधणाऱ्याला सुरगाठ आणि निरगाठ शिकवावी लागत नाही. गणितातल्या गाठीला मात्र मोकळी टोके नसतात. दोरीची दोन्ही टोके जोडलेली असतात आणि प्रश्न एवढाच असतो: न कापता तिचे साधे कडे होईल का? त्रिदल गाठीचे होत नाही. तीन ठिकाणी दोरी स्वतःवरून जाते. त्याहून कमी छेदांत खरी गाठ पडतच नाही.

या गाठींतूनच त्रिमितीय अवकाशे उभी राहतात. गाठीभोवतीचा नळीच्या आकाराचा भाग काढायचा आणि वेगळ्या तऱ्हेने परत बसवायचा. वॉलेस यांनी १९६० साली आणि लिकोरिश यांनी १९६२ साली दाखवले, की एकसंध, बंदिस्त, दिशाक्षम असे प्रत्येक त्रिमितीय अवकाश (मॅनिफोल्ड) एक किंवा अनेक गाठींवर अशी शस्त्रक्रिया करून मिळते. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले महान महाराज यांचे कॅनन–थर्स्टन प्रतिचित्रणांवरचे कामही याच त्रिमितीय भूमितीचे आहे.

पण विंचूरच्या व्यासपीठावरून एका गाठीविषयी सविस्तर बोलायला हवे.

पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापणारे श्रीराम अभ्यंकर आणि त्यांचे सहकारी मोह यांनी १९७५ साली सिद्ध केले, की समतलात बहुपदींनी नीट बसवलेली रेषा बहुपदींनीच सरळ करता येते. अवकाशात काय होते? मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले अनंत शास्त्री यांनी १९९२ साली दाखवले, की वास्तव संख्यांच्या अवकाशात प्रत्येक प्रकारची गाठ, तिची टोके अनंतात जोडली असे मानून, बहुपदींनी मांडता येते. म्हणजे तिथे सरळ न होणाऱ्या रेषाही आहेत. पुण्याच्या आयसरमधील रमा मिश्रा यांनी हा धागा पुढे नेला.

शास्त्रींची त्रिदल गाठ अशी: कोणतीही संख्या घ्या. तिच्या घनातून तिची तिप्पट वजा करा, हा पहिला निर्देशक. चौथ्या घातातून वर्गाची चौपट वजा करा, हा दुसरा. पाचव्या घातातून त्या संख्येची दहापट वजा केली, की तिसरा, म्हणजे उंची. आता √३ आणि −√३ घालून पाहा. पहिले दोन निर्देशक दोन्ही वेळा ० आणि −३ येतात. उंची मात्र एकदा −√३, एकदा √३. दोरी स्वतःवरून गेली! इतके खोल गणित इतक्या थोड्या अक्षरांत मावते, याचा आनंद शाळेतल्या मुलांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय कापरेकरांनी ६१७४ या संख्येची किमया शोधली, तो हाच नाशिक जिल्हा.

म्हणून पाहुण्यांना एक विनंती आहे. परिषदेतला एक तास दहावीच्या मुलांना द्या. पहिला छेद त्यांना येथेच मिळाला आहे. दुसऱ्यासाठी अशा दोन संख्या हव्यात, ज्यांची बेरीज √२ आणि गुणाकार −१ आहे. तिसऱ्यासाठी बेरीज −√२, गुणाकार तोच. वर्गसमीकरण मुलांना येते. फळ्यावर ते त्यांच्याकडूनच सोडवून घ्या, आणि प्रत्येक छेदात वरची दोरी कोणती हेही त्यांनाच ठरवू द्या.