पार्ट कुठे मिळतो, हे कोणाला माहीत असतं?

(बंगळुरूत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



बोलावणं आलं तेव्हा विषय दिला होता 'संशोधन आणि समाज'. त्यावर तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. गेली दोन वर्षं माझे रविवार ज्या कामात जातात, त्याबद्दल बोलते. समाजशास्त्र त्यात येईलच, टाळू म्हटलं तरी टळत नाही.

आम्ही सात-आठ जण उत्तर बंगळुरूतल्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या पडवीत, दर रविवारी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. कुणी पीएचडी करतंय, कुणी कॉल सेंटरमध्ये आहे, एक जण आयटीआय झालेला फिटर आहे. पगार कुणालाच नाही. वस्तीतली पोरं ज्यावर शाळेला जातात, बायका-पुरुष ज्यावर कामाला जातात, त्या सायकली आम्ही दुरुस्त करतो. अपार्टमेंटमधून मिळालेल्या जुन्या सायकली चालत्या करून देतो. हात आहेत, वेळ आहे, पाने आहेत. अडतं ते पार्टवर.

पहिल्याच महिन्यात वर्गणी काढून आम्ही सव्वीस इंची टायर डझनभर आणले. अर्धे बसलेच नाहीत. तेव्हा कळलं की सायकलच्या जगात सव्वीस हा एक आकारच नाही. 26 × 1⅜ असं लिहिलेला टायर 590 मिलिमीटरच्या रिमवर बसतो. 26 × 1½ चा टायर 584 वर. आणि 26 × 1.95 असं दशांशात लिहिलं असेल, तर 559 वर. तिघांवर ठळक अक्षरांत सव्वीसच. खरा आकार टायरच्या कडेला बारीक अक्षरांत असतो, 37-590 किंवा 50-559 असा जोडअंक, त्यातला दुसरा आकडा रिमचा. दूधवाल्यांच्या दांड्याच्या 28 इंची सायकलीला तो 635 असतो. हे सगळं छापलेलं आहे, गुपित काहीच नाही. पण काय शोधायचं हेच माहीत नसेल तर छापलेलंही दिसत नाही. ही अवस्था तुम्हाला कॉलेज प्रवेशाच्या पहिल्या फॉर्मपासून ठाऊक आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातली. आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. शाळा साडेचार किलोमीटर. दोन वर्षांच्या वापरानं क्रँकची कॉटर पिन झिजली आणि पॅडल मारलं की पाय झोकांडी खायला लागला. गावातल्या मिस्त्रीकडे त्या मापाची पिन नव्हती. त्यानं खिळा ठोकून दिला, तो आठवडाभर टिकला. पिन काही रुपयांची, पण ती आणायला तालुक्याला जायचं तर एसटीचं तिकीट पिनेपेक्षा महाग. आई बाजाराच्या दिवशी गेली तेव्हा आणली, ती नऊ मिलिमीटरची निघाली, लागत होती साडेनऊची. तीन आठवडे मी चालत गेले. घरात 'एवढं लांब पोरीनं कशाला जायचं' ही चर्चा त्याच तीन आठवड्यांत सुरू झाली होती. कर्नाटकानंही 2006-07 पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या, त्यातल्या काही हातोहाती फिरत आज आमच्या पडवीत येतात. योजनेत सायकल असते. दोन वर्षांनंतरची कॉटर पिन नसते.

म्हणून पार्ट कुठून आणायचा हा माझ्यासाठी किरकोळ खरेदीचा प्रश्न नाही.

बंगळुरूत घाऊक माल बघायचा तर जे.सी. रोड आणि सिटी मार्केटच्या मधल्या पट्ट्यात हिंडावं लागतं. जे.सी. रोडचं नाव मोटारींच्या सुट्या भागांसाठी, सायकलवाले गल्लीबोळांत सापडतात. घाऊक दुकानात माल नगावर मिळत नाही. ट्यूब डझनावर, छर्रे ग्रोसवर, म्हणजे 144 नग. आणि पहिला प्रश्न 'काय हवं' असा नसतो, 'कुठलं दुकान' असा असतो. आमचं दुकान नव्हतं. पाटी नाही, जीएसटी नंबर नाही, कार्ड नाही. 'स्वयंसेवक' हा शब्द मी कन्नड, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत सांगून पाहिला. उत्तर आलं, "स्टॉक इल्ला, नाळे बन्नी." माल नाही, उद्या या. उद्या गेले. तेच.

मग शनिवारी आमच्याच गटातला एक मित्र गेला. त्याच्या काकांची हुबळीकडे हार्डवेअरची पेढी आहे. आडनावावरून गाव, गावावरून काका, काकांवरून कुणाचं तरी लग्न असं निघत गेलं. चहा आला. नसलेला माल माळ्यावरून खाली आला आणि पंधरा दिवसांची उधारी मिळाली.

त्या दुकानदारानं माझी जात विचारली नव्हती. उद्धटपणेही वागला नव्हता. अपमान झाला असता तर मला त्यावर बोट तरी ठेवता आलं असतं. इथे फक्त ओळख निघाली नाही, एवढंच झालं. पण ओळख कशी निघते? आडनाव, सोयरीक, गावातली पेढी, या वाटेनं निघते, आणि त्या वाटेवर माझ्या घरातलं कुणीच कधी नव्हतं. असीम प्रकाश यांचं 'दलित कॅपिटल' (2015) हे पुस्तक जमलं तर वाचा. बाजारात उतरलेल्या दलित उद्योजकांना कर्ज, माल आणि माहिती मिळताना सामाजिक जाळी कशी आड येतात, ते त्यात आहे. बाजार सगळ्यांना सारखा असतो, हे आपल्याला अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवलं जातं. पण उधारी म्हणजे बिनव्याजी भांडवल, आणि ते ज्याच्या त्याच्या नात्यागोत्यावर मिळतं.

तुम्ही म्हणाल, एका टायरवरून केवढा बोजा. तर मराठी माणसाला पाठ असलेली एक गोष्ट घेऊ. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात 1888 सालच्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून मोजतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईत सायकली घेत आणि बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे, पाठवत. पुढे औंधच्या राजांनी जागा दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही गोष्ट शाळेत कष्ट आणि जिद्दीची म्हणून सांगतात. कष्ट होतेच, जिद्दही होती. बढतीत डावललं म्हणून नोकरी सोडणं सोपं नसतं. पण तीच गोष्ट पार्ट शोधणाऱ्याच्या नजरेनं वाचा. बंदराच्या शहरात, तंत्रशिक्षणाच्या संस्थेत बसलेला एक भाऊ आणि गावात दुकान सांभाळणारा दुसरा भाऊ. पुरवठ्याची साखळी घरातच तयार होती. त्या काळी बेळगावातल्या एखाद्या चांभाराच्या किंवा महाराच्या पोराला सायकल खोलण्याचं कसब कमी पडलं असतं असं मला वाटत नाही. त्याचा भाऊ मुंबईत त्या जागी नव्हता.

आज देशातल्या सायकलींच्या सुट्या भागांचं मूळ शोधत गेलात तर बहुतेक वेळा लुधियानाला पोचता. हिरो सायकल्स तिथली, 1956 ची. एव्हॉनही तिथलीच. पण या मोठ्या नावांच्या मागे शेकडो छोटे कारखाने आहेत. कुणी फक्त फ्रीव्हील करतो, कुणी फक्त पॅडल, कुणी नुसते कप-कोन. या कारागिरीत रामगढिया समाजाचा, म्हणजे सुतारकी-लोहारकी करणाऱ्या शिखांचा, वाटा फार मोठा आहे. जातीनं ज्यांच्या हातात हातोडा दिला, त्यांनी त्या हातोड्याचा कारखाना केला. आपल्याकडच्या कारागीर जातींना ते का साधलं नाही, यावर कुणाला एम.फिल.चा विषय हवा असेल तर माझ्याकडून फुकट घ्या. (एम.फिल. बंद झालं, विसरले. पीएचडी करा.)

आता आमच्या चुकीकडे येते. मला मुळात तीच सांगायची आहे.

समाजमंदिरापासून दोनशे पावलांवर एका झाडाखाली एक चाचा बसतात. पंप, पाण्याचं घमेलं, पत्र्याची पेटी. आमच्यातले बरेच जण जन्मले त्याच्या आधीपासून ते तिथे आहेत. दुकान सुरू करताना आम्ही जे.सी. रोडला चार चकरा मारल्या, इंटरनेटवरून आठ-दहा व्यापाऱ्यांना फोन केले, चाचांकडे एकदाही गेलो नाही. आमच्या डोक्यात पुरवठादार म्हणजे पाटी आणि बिलबुक असलेला माणूस. वर आम्ही पंक्चर फुकट काढत होतो, आणि रविवार हा त्यांच्या धंद्याचा मोठा दिवस. तिसऱ्या महिन्यात एक जुनी फ्रीव्हील खोलायचं हत्यार मागायला मी गेले, तेव्हा ते दखनीत म्हणाले, "पढे-लिखे लोगां फुकट में करते, अच्छा है. पन मेरा इतवार गया ना, अम्मा."

मराठवाड्यात वाढल्यामुळे मला त्यांची भाषा कळत होती, म्हणून जास्त लागलं.

आमच्यातले काही जण काळे झालेले हात दाखवून फोटो टाकायचे. त्यावर कौतुक यायचं. चाचांचे हात रोजच काळे असतात, त्यांना कुणी श्रमप्रतिष्ठा म्हणत नाही. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी असल्याचं मांडलं. ते मी तीन परीक्षांत लिहिलं होतं, आणि पडवीत आम्ही नेमकी तीच विभागणी चालवत होतो. आमचं काम सेवा, त्यांचं काम पंक्चर.

बैठक झाली, भांडण झालं, दोघं गट सोडून गेले. 'फुकट नसेल तर मग आपण वेगळे कसे' हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आता पंक्चर आणि हवा आमच्याकडे होत नाही, माणूस चाचांकडे जातो. ज्याला परवडत नाही त्याचे पैसे आमच्या वहीतून जातात. आम्ही चाक सरळ करणं, बेअरिंग भरणं, पडीक सायकल उभी करणं, असली वेळखाऊ कामं करतो. ती चाचांना दिवसाच्या कमाईत परवडत नाहीत.

आणि पार्ट? तो प्रश्न त्यांनीच सोडवला. लुधियानाच्या मालाची ऑर्डर घेत फिरणारा एक विक्रेता दर दोन महिन्यांनी त्यांच्याकडे येतो, हे आम्हाला कुठल्याच वेबसाइटवर सापडलं नसतं. त्याची अट एकच, पूर्ण पेटी घ्या. एकट्या मिस्त्रीला पेटी झेपत नाही आणि आम्हालाही नाही. मग चाचा, त्यांच्या ओळखीचे आणखी तीन मिस्त्री आणि आम्ही, अशी पाच जणांची ऑर्डर एकत्र जाते. निम्मे पैसे आधी, निम्मे माल आल्यावर. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचा थोडा आधार झाला. वही मी लिहिते, कुणी किती घेतलं, कुणाचं किती राहिलं. पहिल्यांदा त्या वहीत माझ्या नावावर उधारी चढली तेव्हा बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

तुमच्यापैकी कुणी आपल्या गावात, हॉस्टेलमध्ये असं दुकान काढणार असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी. दुकानात जाताना जुना भाग खिशात न्या, शब्दांवर विश्वास ठेवू नका. एका शहरात ज्याला कोन म्हणतात त्याला दुसरीकडे वेगळंच नाव असतं. आधी झिजणारा माल घ्या: ट्यूब, ब्रेक रबर, केबल, छर्रे, कॉटर पिन, चेन. छर्ऱ्यांचं माप साधारण ठरलेलं आहे, पुढच्या चाकाला 3/16 इंच, मागच्या चाकाला आणि क्रँकला 1/4. आरे मोजून मागा, दांड्याच्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 असतात, नवीन सायकलींना बहुधा दोन्हीकडे 36. गिअरची चेन बिनगिअरच्या चाकावर चढवू नका, ती अरुंद असते. आणि मेलेली सायकल भंगारात देऊ नका, ती तुमचं सगळ्यात स्वस्त गोदाम आहे. परदेशातल्या अशा दुकानांचा माल मुख्यतः देणगीतल्या सायकलींतून निघतो. बोस्टनच्या 'बाइक्स नॉट बॉम्ब्स'नं तर 1984 पासून जुन्या सायकली निकाराग्वासारख्या देशांत पाठवल्या. आपल्याकडे गरिबाची सायकल पार झिजेपर्यंत चालते आणि देणगीत येतात त्या अपार्टमेंटमधल्या पोरांच्या गिअरच्या. त्यांचे पार्ट दूधवाल्याच्या सायकलीला लागत नाहीत.

घाऊक दुकानात एकटे जाऊ नका. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या, आणि बोलणं त्याला करू द्या.

यावेळचा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात आला आहे. बिल्टी चाचांच्या नावावर आहे, आधीच्या दोन खेपेला माझ्या नावावर होती. बुधवारी अकरा वाजता आम्ही दोघं सोडवायला जातोय. चार पेट्या आहेत, त्यातली टायरची जड आहे. कुणाला सवड असेल तर चहाच्या वेळी भेटा.

जय भीम.