शिफारसपत्र नको, उत्तर हवं

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



आमदाराच्या संपर्क कार्यालयाबाहेर सकाळी जी गर्दी असते, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कुणाला मुलीच्या प्रवेशासाठी पत्र हवं असतं, कुणाला हॉस्पिटलच्या बिलात सवलत. कुणाचं रेशनकार्ड अडलेलं असतं, कुणाच्या गल्लीतलं गटार तुंबलेलं असतं. प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि त्यावर हवी असते साहेबांची एक सही. या गर्दीला मी नावं ठेवत नाही. गरज खरी असते म्हणून माणूस तिथे दोन-दोन तास उभा राहतो. पण या गर्दीत असा माणूस क्वचितच सापडतो, जो म्हणेल, "साहेब, मला सही नको. आपल्या तालुक्यात अल्पसंख्याक मुलींचं वसतिगृह मंजूर आहे की नाही, आणि असेल तर त्याचे पैसे कुठे अडले, हे तुम्ही विधानसभेत विचाराल का?"

आज मला एवढंच सांगायचं आहे. सही मागणारा माणूस उपकार मागतो आणि उपकाराची परतफेड मतदानाच्या दिवशी करावी लागते. प्रश्न विचारणारा माणूस मात्र हक्क बजावतो. आपल्या समाजाने सह्या पुष्कळ मागितल्या. आता प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे, आणि तेही नीट, लेखी आणि वेळेवर.

आधी आमदार-खासदाराचं काम काय ते पाहू. गटार हे नगरपालिकेचं काम, त्यासाठी नगरसेवक आहे. आमदाराला आपण निवडून देतो ते कायदे करायला, राज्याचा अर्थसंकल्प तपासायला आणि सरकारला जाब विचारायला. जाब विचारायचं त्याचं मुख्य हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. याशिवाय आपल्या विधिमंडळात लक्षवेधी सूचना आहे, अर्धा तास चर्चा आहे. ही हत्यारं आमदाराच्या हातात आहेत. पण कशावर रोखायची हे त्याला कुणी सांगितलंच नाही, तर ती तशीच पडून राहतात.

एका प्रश्नाने काय होतं, याचं एक उदाहरण देतो. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप तुम्हाला माहीत असेल. पीएचडी करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ती होती. फक्त मुसलमानांसाठी नव्हे. बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशी विद्यार्थ्यांसाठीही. ही फेलोशिप २०२२-२३पासून बंद केल्याचं सरकारने ८ डिसेंबर २०२२ रोजी लोकसभेत सांगितलं. तेव्हाच्या मंत्री स्मृती इराणी यांचं ते लेखी उत्तर होतं. प्रश्न विचारला होता केरळमधल्या त्रिशूरचे खासदार टी. एन. प्रतापन यांनी. उत्तरात कारण दिलं होतं की, ही फेलोशिप आणि उच्च शिक्षणाच्या इतर योजना एकमेकींवर येतात. देशभर बातमी झाली ती या उत्तरामुळे. विद्यार्थी रस्त्यावर आले तेही त्यानंतर.

आता महाराष्ट्रात या. आपले लोकसभेत ४८ खासदार आहेत. बौद्ध विद्यार्थ्यांची संख्या आपल्याच राज्यात मोठी आहे. त्या उत्तरानंतर पुढचा प्रश्न अगदी सरळ होता: दोन्हीकडून पैसे घेतलेले विद्यार्थी किती सापडले? आकडा द्या. आणि ज्यांचं संशोधन अर्ध्यावर आहे, त्यांचं काय? हा प्रश्न घेऊन आपल्यापैकी किती जण आपल्या खासदाराकडे गेले? आपण निषेधाचे फोटो स्टेटसला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी स्टेटस पुसलं गेलं. लोकसभेतल्या प्रश्नाचं तसं होत नाही. प्रश्न आणि उत्तर दोन्ही कायमचे कागदावर राहतात. आजही लोकसभेच्या संकेतस्थळावर जाऊन ते वाचता येतात.

दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. महमूदुर रहमान समितीने मुसलमानांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल २०१३ साली राज्य सरकारला दिला. जुलै २०१४मध्ये अध्यादेश निघाला आणि मुसलमानांमधल्या मागास गटांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण मिळालं. त्याच वेळी मराठा समाजाला १६ टक्के मिळालं. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. मराठा आरक्षणाला स्थगिती मिळाली, मुसलमानांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणालाही मिळाली. पण मुसलमानांचं शिक्षणातलं आरक्षण न्यायालयाने पूर्ण थांबवलं नाही. पुढे काय झालं? अध्यादेशाला आयुष्य कमी असतं. अधिवेशन सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो आपोआप संपतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मराठा आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. मुस्लिम आरक्षणाचं झालं नाही, आणि अध्यादेश संपला.

मराठा समाजाला का मिळालं, ही माझी तक्रार मुळीच नाही. मला दिसतं ते एवढंच की त्या समाजातली पोरं आपापल्या आमदाराच्या दारात उभी होती. आपण मात्र कोर्टाचा निकाल काय लागतो याची वाट पाहत बसलो. घड्याळ नागपुरात चालू होतं. ते ६ आठवडे प्रत्येक आमदाराला एकच गोष्ट विचारायचे होते: "विधेयक आणणार की नाही, हे तुम्ही सभागृहात विचारणार का?"

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आकड्यात, तारखेत किंवा हो-नाहीत द्यावं लागेल. "मुसलमानांकडे दुर्लक्ष का होतं?" या प्रश्नाला मंत्री पाच मिनिटं भाषण करील आणि खाली बसेल. त्याऐवजी असं विचारा. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४मध्ये बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी मार्टी ही संस्था मंजूर केली. मग प्रश्न असे: मंजूर पदांपैकी आजपर्यंत किती भरली? अर्थसंकल्पात किती तरतूद झाली, त्यातली किती खर्च झाली? किती विद्यार्थ्यांना लाभ मिळाला, जिल्हावार यादी द्या. या प्रश्नातून भाषण करून निसटता येत नाही.

दुसरी गोष्ट, आधी स्वतः माहिती काढा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आकडा हातात घेऊन गेलेल्या पोराला पीएसुद्धा खुर्ची देतो.

तिसरी गोष्ट वेळेची. राज्याची साधारणपणे तीन अधिवेशनं होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या आधीच द्यावी लागते. लोकसभेत तर किमान १५ पूर्ण दिवस आधी. तिथे एका दिवशी तोंडी उत्तरासाठी फक्त २० प्रश्न लागतात आणि कुणाचे लागणार हे सोडतीने ठरतं. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र घेऊन गेलात, तर साहेब गोड हसतील, पण हातात काही पडणार नाही. महिनाभर आधी जा. आणि प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर प्रश्न स्वीकारला जात नाही, हेही लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट, पत्र लेखी द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. तोंडी बोलणं चहाबरोबर संपतं. पत्र एका पानाचं ठेवा आणि त्यात एकच विषय घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जा आणि विचारा, "प्रश्न दिलात का?" उत्तर आलं की ते मोहल्ल्यात वाचून दाखवा. मंत्री कधी कधी म्हणतात, "माहिती गोळा केली जात आहे." तिथे सोडून देऊ नका. लोकसभेत असं म्हणणं हे आश्वासन धरलं जातं आणि ते ३ महिन्यांत पूर्ण करायचं असतं. त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. आमदाराला त्या समितीची आठवण करून द्या.

पाचवी गोष्ट. तुमचा आमदार मंत्री असेल, तर तो प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. मग विधान परिषदेकडे वळा. तिथे ७८ सदस्य आहेत. त्यातले ७ पदवीधर मतदारसंघातून आणि ७ शिक्षक मतदारसंघातून येतात. पदवी मिळून ३ वर्षं झालेला कुणीही पदवीधर तिथे मतदार होऊ शकतो. पण ती यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते आणि नाव स्वतः नोंदवावं लागतं. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी नोंदवलंय? हात वर करा बरं... मोजायला एक हात पुरतो. हे आजच्या शिबिराचं पहिलं काम समजा.

आता तुमच्या मनातली शंका. कुणी म्हणेल, "आपला आमदार मुसलमान नाही, तो कशाला आपलं विचारील?" २०२४च्या निवडणुकीत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार निवडून आले. आपले सगळे प्रश्न या दहा जणांवर टाकायचे, तर उरलेल्या २७८ जणांना आपणच मोकळं सोडतो. राज्यघटनेप्रमाणे तुमच्या मतदारसंघाचा आमदार तुमचाच प्रतिनिधी आहे. तुम्ही मत दिलं असो वा नसो, त्याचं आडनाव काहीही असो. आणि मुस्लिम आमदाराला फक्त कब्रस्तान आणि उर्दू शाळेबद्दल विचारायचं, हेही बंद करा. त्याला सोयाबीनच्या भावाबद्दल आणि एसटीच्या फेऱ्यांबद्दलही विचारा.

दुसरी शंका भीतीची आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. "आपलं नाव वाचलं की लोक वेगळ्या नजरेने बघतात. पुढे गेलो तर त्रास होईल." म्हणूनच एकटे जाऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक नाहीत, तर तो प्रश्न फक्त आपल्या मुलांचा नाही. शेजारच्या वस्तीतल्या मातंग, धनगर, मराठा पालकांनाही घ्या. पत्रावर सगळ्यांच्या सह्या असू द्या. भाषा साधी आणि अदबीची ठेवा, आणि मराठीतच लिहा. प्रश्न विचारणं म्हणजे भांडण नव्हे.

तिसरी अडचण बोलायला अवघड आहे. आपल्या मोहल्ल्यात आणि आमदारात एक माणूस उभा असतो. "साहेबांशी मी बोलतो, तुम्ही कशाला त्रास घेता?" निवडणुकीत गठ्ठा मतांचा सौदा तोच करतो. तुम्ही थेट पत्र घेऊन गेलात की सगळ्यात आधी तोच नाराज होईल. होऊ द्या. त्याच्याशी वाद घालू नका, फक्त त्याच्यामार्फत जाणं थांबवा.

आणि मुलींनो, तुम्ही मागे बसू नका. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने ७ मुस्लिम महिला मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांसाठी समान कायदा करा, असं निवेदन त्यांनी राज्यकर्त्यांना दिलं. फक्त सात जणी. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला तो २०१७मध्ये आणि कायदा झाला २०१९मध्ये. त्या कायद्यातल्या शिक्षेच्या तरतुदीबद्दल आपल्यात मतभेद असतील. ते असू द्या, तेही प्रश्न म्हणून विचारा: कायदा झाल्यापासून किती बायकांना त्याखाली निर्वाह भत्ता मिळाला? पण त्या सात जणींनी मौलवीला विचारलं नाही, मध्यस्थ शोधला नाही. त्या थेट कायदा करणाऱ्यांच्या दारात गेल्या, हे विसरू नका.

तर आता गट पाडूया. प्रत्येक तालुक्याने एक विषय निवडायचा आणि त्यावर एकच प्रश्न लिहायचा. माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यात जाईल. उत्तर आलं की पुढच्या अधिवेशनाच्या महिनाभर आधी पत्र आमदाराच्या कार्यालयात पोचेल, आणि शिक्का मारलेली प्रत सगळ्यांनी फाइलमध्ये लावायची. आमदाराने प्रश्न विचारला तर त्याचे जाहीर आभार माना. नाही विचारला तर तेही लोकांना सांगा, तारखेसह. कागद वाटायला सुरुवात करा.