मधली फळी आणि पुढचा एकटा



चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही बोनसवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही फुटबॉल म्हणालो आणि मंडळी जरा गप्प झाली. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात आणि मैदानाच्या कडेला. तेव्हा आमचा हा अधिकार सांभाळून घ्यावा.

गोलरक्षक सोडून दहा गडी. त्यांतले चार मागे, पाच मध्यभागी आणि पुढे एकच, या मांडणीला लोक भित्री म्हणतात. आमचेही तेच मत होते. ते फिरले २००४ साली, ग्रीसच्या संघाने युरोपचे अजिंक्यपद मिळविले तेव्हा. त्याआधी मोठ्या स्पर्धेत या देशाने एकही सामना जिंकला नव्हता. १९९४ च्या विश्वचषकात तर तीन सामन्यांत दहा गोल खाल्ले आणि एकही केला नाही. प्रशिक्षक ओटो रेहागेल हा जर्मन; एसेनचा, तरुणपणी रंगारीकाम शिकलेला.

आपले गडी प्रतिपक्षाइतके कसबी नाहीत हे त्याने आधी कबूल केले असावे, असे आम्हाला वाटते. कागदावर कोणी त्याच्या मांडणीला निराळे नाव देईल. पण चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की कडेचे दोघे मागे येत आणि मधली फळी पाचांची होई. मग काय घडते? मैदानाचा मधला भाग म्हणजे गर्दीचा बाजार. तिथे प्रतिपक्षाचे तीन आणि आपले पाच असले, तर कितीही हुशार गडी असो, चेंडू पायाशी घेऊन वळायला त्याला जागाच मिळत नाही. तो चेंडू कडेला देतो, कडेवरून तो उंच आत येतो, आणि आत उंच बचावपटू वाट पाहत उभेच असतात.

हे झाले अडविणे. पण जिंकायला गोल लागतो, आणि इथेच त्या एकट्याचे काम सुरू होते. मागून आलेला लांब चेंडू त्याने गोलाकडे पाठ करून, दोन दांडग्यांचे धक्के खात, चार-पाच क्षण धरून ठेवायचा. तेवढ्यात मधली फळी वर आली पाहिजे. ती आली नाही, तर चेंडू गेला आणि शिव्या त्याच्या पदरी. आली, तर एखादी फ्री किक, एखादा कॉर्नर पदरात पडतो. फ्रान्स, चेक आणि अंतिम सामन्यात पोर्तुगाल, तिघांनाही ग्रीसने १-० असेच हरविले आणि तिन्ही गोल डोक्याने झाले. त्यांतले दोन कॉर्नरवरचे.

पुढचा एकटा बहुधा झिसिस व्रिझास असे. स्पर्धेत त्याचा गोल एकच, तोही रशियाशी हरलेल्या सामन्यात. पण २-१ असा पराभव झाला म्हणूनच ग्रीस पुढच्या फेरीत गेला. २-० झाला असता तर स्पेन गेला असता. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र कर्णधार झागोराकिसला, म्हणजे मधल्या फळीलाच मिळाला. तो योग्यच होता, आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती आमच्याविषयी. एका कारखान्यात वाटाघाटीला आम्ही एका सहकाऱ्याला पुढे धाडीत असू. त्याने मुद्दा धरून ठेवायचा आणि आम्ही समितीच्या पाचांनी पाठोपाठ आत जायचे, असे ठरलेले. एके दिवशी आम्ही फाटकापाशीच राहिलो. चहा यायचा होता असे आम्ही पुष्कळ दिवस सांगत होतो. खरे म्हणजे भ्यालो होतो. तो दोन तास एकटा बसला आणि निलंबनाचा कागद घेऊन बाहेर आला. पुढच्या वर्षी करार झाला, हार आमच्या गळ्यात पडले. तो तेव्हा गावी भावाची शेती बघत होता.

अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दिसला. युनियनच्या कचेरीत आम्ही सातआठजण जागे होतो. ५७ व्या मिनिटाला कॉर्नरवर कारिस्टेआसने गोल केला आणि सगळे ओरडले. ८१ व्या मिनिटाला व्रिझासला बाहेर घेतले. घामाने चिंब झालेला तो गडी कडेला आला, तेव्हा आमच्यातल्या एकाने विचारले, "हा कोण हो?"